डासाचं आयुष्य कमी करण्याचं गणित

तलासरी तालुक्यातलं अच्छाड गुजरातच्या सीमेवर, मुंबई-अहमदाबाद महामार्गालगत वसलं आहे. डहाणू-तलासरीच्या या पट्ट्यात डासांचा प्रकार पाण्यागणिक बदलतो. भातखाचरं, कालवे आणि पावसाळा सरल्यावर ओढ्यांत उरणारी डबकी यांत अॅनाफिलीस क्युलिसिफेसिस वाढतो. ग्रामीण भारतात हिवताप पसरवणारा मुख्य डास हाच. टाकाऊ टायरात साठलेलं ओंजळभर पाणी डेंग्यूवाहक एडिसला पुरतं, तर क्युलेक्सला गटार आवडतं.

हिवतापाचं परजीवी रक्ताबरोबर मादीच्या पोटात गेलं, तरी ती लगेच रोग देऊ शकत नाही. परजीवीची वाढ पुरी व्हायला साधारण १० ते १४ दिवस लागतात आणि तोवर बहुतेक माद्या मरून जातात. रोज उरलेल्यांतल्या शेकडा १० मेल्या, तर बारा दिवसांनी शंभरातल्या २८ उरतात; रोज ३० मेल्या, तर जेमतेम एक. म्हणजे डास संपवावे लागत नाहीत, त्यांचं आयुष्य थोडं कमी केलं तरी रोगाची साखळी तुटते.

रक्त प्यायलेली मादी भिंतीवर विसावते, म्हणून घरात भिंतींवर कीटकनाशक फवारतात. पण कुडाच्या घरात मातीची भिंत औषध शोषून घेते, आणि फवारणीनंतर सारवण झालं की उरलंसुरलं झाकलं जातं. फवारणीची तारीख आधी सांगणं त्यामुळे औषधाइतकंच महत्त्वाचं ठरतं.

डीडीटी या कीटकनाशकाच्या जोरावर १९५८ मध्ये देशाने हिवताप निर्मूलनाचा कार्यक्रम हाती घेतला. १९६५ च्या सुमारास रुग्णसंख्या लाखाच्या आसपास आली, पण १९७६ मध्ये ती ६४ लाखांवर गेली. डासांत डीडीटीविरुद्ध आलेली प्रतिकारशक्ती हे त्यामागचं एक कारण; ढिलाई हे दुसरं.

अंड्यापासून डास व्हायला उन्हाळी हवेत आठवडाभर पुरतो, म्हणून पाण्याची भांडी आठवड्यातून एकदा कोरडी करायची. टाक्या-विहिरींत अळ्या खाणारे गप्पी मासे सोडतात. आटणाऱ्या डबक्यांत मात्र ते तग धरत नाहीत, तिथे अळीनाशकच लागतं. धूर फवारणी सगळ्यांना दिसते, म्हणून तिचीच मागणी जास्त. तिचा परिणाम काही तासांचा. क्युलिसिफेसिस रात्री चावतो, त्यामुळे औषधयुक्त मच्छरदाणी त्याच्यावर चालते. दिवसा चावणाऱ्या एडिसवर तिचा फारसा उपयोग नाही.