खाली उतरणाऱ्या विमानाला हवा कोण सांगतं?

आम्ही उल्हासनगर कॅम्प दोनमधून बोलतोय.

पावसाळ्यात ढग खाली उतरले की विमानाचा नुसता आवाज ऐकू येतो, विमान दिसत नाही. आपल्याला ते दिसत नाही, तर त्यातल्या पायलटला तरी खालचं काय दिसत असेल? आमच्या गटात हा प्रश्न निघाला, म्हणून आज त्याबद्दल बोलू. तसा विमानांचा आणि आपल्या भागाचा संबंध जुना आहे. आपले हे कॅम्प दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी छावणीचे, आणि जवळच नेवाळीला त्याच काळात धावपट्टी बांधली गेली. तिच्यासाठी घेतलेल्या जमिनींवरून 2017 च्या जूनमध्ये शेतकरी रस्त्यावर आले होते, ते तुम्हाला आठवत असेल. पण तो विषय वेगळा, त्यावर पुन्हा कधीतरी.

तर मुंबईला उतरणाऱ्या पायलटला पहिली गरज असते वाऱ्याच्या बातमीची. भात उफणताना आपण आधी काय बघतो? वारा कुठून येतोय ते. पायलटचंही तसंच. विमान शक्यतो वाऱ्याला तोंड देऊन उतरवतात. समोरून वारा असला की जमिनीवर टेकताना वेग कमी राहतो आणि विमान लवकर थांबतं. वारा पाठीशी असला की तेच विमान लांबवर धावत जातं. पावसाळ्यात मुंबईला वारा बहुतेक नैर्ऋत्य-पश्चिमेकडून, समुद्रावरून येतो. म्हणून तेव्हा विमानं बहुधा पूर्वेकडून, घाटकोपरच्या बाजूने उतरतात.

ही बातमी तयार होते विमानतळावरच. भारतीय हवामान विभागाचं कार्यालय तिथे असतं आणि वारा मोजणारी, किती मीटरपर्यंत दिसतं ते मोजणारी यंत्रं धावपट्टीजवळ लावलेली असतात. शहराचा अंदाज इथे कामाचा नाही. 26 जुलै 2005 चा दिवस आपल्याकडे कोण विसरेल? उल्हास नदी घरात शिरली होती. त्या दिवशी विमानतळाजवळच्या सांताक्रूझ वेधशाळेत 944 मिलिमीटर पाऊस मोजला गेला आणि त्याच मुंबईत कुलाब्याला जेमतेम 73. कुलाब्याचा आकडा घेऊन सांताक्रूझला विमान उतरवता येईल का?

मुंबईसारख्या मोठ्या विमानतळावर दर अर्ध्या तासाने नवी नोंद निघते. तिच्यात वारा कुठून आणि किती, किती अंतरापर्यंत दिसतं, पाऊस की धुकं, ढग किती आणि किती उंचीवर, तापमान आणि हवेचा दाब एवढं असतं. ढग मोजायची रीत मजेशीर आहे. आभाळाचे भाकरीसारखे आठ भाग कल्पायचे आणि किती भाग झाकलेत ते सांगायचं. मध्येच हवा एकदम पालटली तर अर्धा तास थांबत नाहीत, खास नोंद लगेच काढतात.

हवेच्या दाबाचं मात्र नीट ऐका, कारण चुकलं तर जिवावर बेततं. विमानातलं उंची दाखवणारं घड्याळ खरं तर हवेचा दाब मोजतं आणि त्यावरून उंची सांगतं. दाब रोज बदलतो, म्हणून पायलटला त्या वेळचा आकडा ऐकून घड्याळ जुळवावं लागतं. समजा खाली दाब 1003 आहे आणि घड्याळ 1013 वरच राहिलं. फरक फक्त दहाचा. पण घड्याळ विमानाला साधारण 280 फूट जास्त उंच दाखवेल. म्हणजे पंचवीस-तीस मजली इमारतीएवढी उंची, जी प्रत्यक्षात नाहीच! ढगात असलेल्या पायलटला ती चूक डोळ्यांनी कळणार नाही.

ही सगळी माहिती आणि कोणती धावपट्टी चालू आहे ते ध्वनिमुद्रित करून रेडिओवर पुन्हा पुन्हा लावतात. प्रत्येक नव्या निवेदनाला एक अक्षर असतं: अल्फा, मग ब्राव्हो, मग चार्ली, असं पुढे. पायलट नियंत्रकाशी पहिल्यांदा बोलतो तेव्हा "माझ्याकडे चार्ली आहे" असं सांगतो. तोवर खाली डेल्टा लागलं असेल, तर त्याच्याकडची बातमी शिळी आहे हे नियंत्रकाला एका शब्दात कळतं. वेळही सगळ्या जगाची एकच वापरतात. आपल्याकडे संध्याकाळचे साडेपाच वाजले की त्यांच्या नोंदीत दुपारचे बारा असतात. आम्हाला या सगळ्यात ही अक्षराची युक्तीच फार आवडली. "ऐकलं ना?" विचारलं की माणूस "हो" म्हणतो. कोणतं ऐकलं, हे विचारायला हवं.

माहिती मिळाली म्हणजे काम झालं असंही नाही. 7 ऑगस्ट 2020 ला दुबईहून आलेलं विमान केरळात कोळिकोडला भर पावसात उतरलं. धावपट्टी ओली, वारा पाठीशी, आणि विमान टेकलं ते जवळजवळ निम्मी धावपट्टी मागे गेल्यावर. पुढे उतार होता. दोन्ही वैमानिकांसह 21 जण गेले. कॅप्टन दीपक साठे हे आपल्या नागपूरच्या घरातले, हवाई दलात काम केलेले अनुभवी वैमानिक. चौकशी अहवालाने म्हटलं की विमान नीट जुळलेलं नसताना उतरणं सोडून पुन्हा वर जायला हवं होतं. म्हणून अशा वेळी वर निघून घिरट्या घालणारं किंवा दुसऱ्या गावी नेलेलं विमान दिसलं, तर पायलटला नावं ठेवू नका. उशीर झाला तर होऊ दे.

आता आपल्याकडे या. जुलैत वांगणी-बदलापूरकडे नदी चढली की मोबाईलवर निरोप फिरतात: "पाणी वाढतंय, निघा." कुठलं पाणी? कधीचं? कालचा निरोप आज पुन्हा फिरतो आणि बाया लेकरं घेऊन पळतात. दोनदा फसगत झाली की तिसऱ्यांदा खरा निरोप आला तरी कुणी उठत नाही. आमच्या गटाने यंदापासून ठरवलंय: निरोपात तारीख, वेळ, जागा आणि स्वतः पाहणारीचं नाव नसेल तर तो पुढे पाठवायचा नाही. नदीची खूण एकच ठेवायची, पुलाच्या खांबावर रंगाने काढलेली, म्हणजे "खूप पाणी" असं न म्हणता "दुसऱ्या पट्ट्याला लागलंय" असं सांगता येतं. नवा निरोप आला की त्याला पुढचा क्रमांक द्यायचा.

हवामान विभागाचे इशारे 'मौसम' ॲपवर फुकट मिळतात आणि विजेसाठी 'दामिनी' आहे. जोराच्या पावसाचा तातडीचा इशारा साधारण तीन तासांपुरताच असतो, तेव्हा त्यावरची वेळ आधी वाचा. ज्यांच्याकडे साधा फोन आहे त्यांना गटातल्या एकीने फोन करायचा, आणि त्यांच्याकडून निरोपाचा क्रमांक परत म्हणवून घ्यायचा.