हजेरीचे दप्तर (लेखांक सहावा) : अंकांनी लिहिलेले नाव

हजेरी कशी घ्यावी, याचे विवेचन गेल्या आठवड्यात झाले. आता तीच हजेरी पगाराच्या संगणकप्रणालीत दाखल करण्यापूर्वी तिच्या फाइलीला कोणते रूप द्यावे, हे पाहावयाचे आहे. नंदुरबार जिल्ह्याला मस्टर अपरिचित नाही. राज्याचा रोजगार हमी कायदा २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला, आणि केंद्राची योजना २ फेब्रुवारी २००६ रोजी ज्या २०० जिल्ह्यांत प्रथम सुरू झाली त्यांत नंदुरबारही होता; त्यामुळे अक्राणीच्या डोंगरातील मजूरही मस्टरावरील खाडा आणि हाती पडणारी मजुरी यांचा संबंध पुरता ओळखून असतो.

पहिला प्रश्न ओळखीचा. पाडवी, वसावे, वळवी, गावित ही आडनावे या भागात इतकी विपुल आहेत की एकाच यादीत एकाच नावाची दोन माणसे सहज आढळतात. म्हणून प्रत्येक ओळीची ओळख क्रमांकानेच पटवावी लागते. देशातील पहिली आधारपत्रे २९ सप्टेंबर २०१० रोजी ज्या टेंभलीत वाटली गेली, ते गाव याच जिल्ह्यातील शहादे तालुक्यात आहे. परंतु क्रमांकाची बेरीज-वजाबाकी कोणी करीत नाही. तो अंकांनी लिहिलेले नावच होय, आणि कोष्टकाच्या प्रणालीला हे उमगत नाही. ती ००४७ या कर्मचारी क्रमांकाची आरंभीची शून्ये गाळून ४७ करते, बारा अंकी आधार क्रमांक घातांकाच्या रूपात दाखविते, आणि सोळा अंकी बँकखात्याचा शेवटचा अंक शून्य करून टाकते. ही शेवटची हानी मागाहून भरूनही येत नाही. यास्तव अंक भरण्यापूर्वीच असे रकाने 'मजकूर' या प्रकारचे करून ठेवावेत.

दिनांकाचा घोटाळा अधिक फसवा. ०५/०७ म्हणजे आपल्या रीतीने ५ जुलै, अमेरिकी रीतीने ७ मे. तेरा तारखेपासून पुढे महिना म्हणून तो अंक बसतच नसल्याने चूक उघडी पडते, पण पहिल्या बारा दिवसांची हजेरी मुकाट्याने भलत्याच महिन्यांत जाऊन पडते. वर्ष, महिना, दिवस असा क्रम ठेवल्यास हा संशय उरत नाही.

वेळेचेही तसेच. साडेआठ तास ८.३० असे लिहिले, तर दशांशाने मोजणारी प्रणाली ते आठ तास अठरा मिनिटे धरते. रोजची बारा मिनिटे गेली की सव्वीस दिवसांत पाच तास बारा मिनिटांचे श्रम बुडाले. तेथे ८.५ हवे. रात्री दहाला आलेला आणि सकाळी सहाला सुटलेला पाळीवाला सरळ वजाबाकीत उणे सोळा तास काम केलेला ठरतो. त्यात चोवीस मिळवावे लागतात, किंवा सुटण्याच्या वेळेसोबत दुसऱ्या दिवसाचा दिनांक द्यावा लागतो. देवनागरी नावांसाठी फाइल यूटीएफ-८ या संकेतात जतन करावी, म्हणजे अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हे उमटत नाहीत.

फाइल दाखल झाली की पगारपत्रक काढण्याआधी तिची मूळ मस्टराशी रुजुवात घ्यावी : माणसे किती, एकूण दिवस किती, एकूण तास किती. एका तासाचाही फरक निघाला, तर दुरुस्ती पगारपत्रकात न करता मूळ फाइलीत करून ती पुन्हा दाखल करावी.