इंजिनावरील काजळी : एक इतिहासवाचन

आपल्या विद्यालयाच्या इतिहास दालनात 'डब्ल्यूजी' जातीच्या मालवाहू बाष्प इंजिनाची एक छोटी प्रतिकृती आहे. चित्तरंजनच्या कारखान्यातून १९५० साली बाहेर पडलेले पहिले इंजिन याच जातीचे होते. ही प्रतिकृती एका माजी विद्यार्थ्याने स्वतः जुळवून विद्यालयास भेट दिली. गेल्या वर्षी ती बंद पडली, तेव्हा विद्यार्थ्यांसह आम्ही तिची दुरुस्ती केली आणि त्यानंतर तिच्यावर काजळी, गंज व धूळ रंगवली. ते पाहून एका विद्यार्थिनीच्या आजोबांनी विचारले, "आम्ही जन्मभर इंजिने पुसत आलो, तुम्ही चांगले इंजिन मळवता कशाला?" हे आजोबा लोकोशेडमधील निवृत्त खलाशी. त्यांच्या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी हा लेख.

प्रथम मापाविषयी. ही प्रतिकृती १:८७ या प्रमाणात आहे. मूळ इंजिनाच्या चालक चाकाचा व्यास दीड मीटरहून किंचित अधिक. प्रतिकृतीत तो सुमारे १८ मिलिमीटर भरतो. आपल्या ब्रॉडगेज रुळांमधील अंतर १६७६ मिलिमीटर असते, म्हणजे प्रतिकृतीचे रूळ १९.३ मिलिमीटर अंतरावर हवेत. परंतु बाजारात मिळणारे रूळ युरोपातील १४३५ मिलिमीटर गेजवर बेतलेले असून त्यांचे अंतर १६.५ मिलिमीटर असते. आमचे इंजिन त्यामुळे वास्तवापेक्षा अरुंद रुळांवर उभे आहे. दालनातील फलकावर आम्ही ही तडजोड नमूद केली आहे. साधन कोठे अपुरे आहे हे सांगणे इतिहासाच्या शिस्तीत बसते.

दुरुस्ती, तपशील आणि मळवणे हा क्रम चुकवू नये. अशा इंजिनाला १२ व्होल्टपर्यंतचा विद्युतप्रवाह रुळांतून मिळतो. तो चाकांतून पातळ धातूच्या पट्ट्यांमार्गे मोटरपर्यंत जातो. इंजिन अडखळले की पहिला संशय मळाचा. चाकांच्या कडा व पट्ट्या आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या कापसाने पुसल्या, दंतचक्रांवर घट्ट झालेले जुने वंगण काढले आणि सुईच्या टोकाने तेलाचा एकेक थेंब दिला. तरीही चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात एक झटका बसत होता. बाष्प इंजिनाच्या डाव्या व उजव्या चाकांवरील खुंट्या परस्परांशी ९० अंशांचा कोन करतात. त्यामुळे एका बाजूचा दट्ट्या टोकाला पोहोचून निर्बल होतो, तेव्हा दुसऱ्या बाजूचा जोर चालू असतो. आमच्या इंजिनातील एका आसावरचे चाक थोडे फिरले होते आणि जोडदांडे अडकत होते. तो कोन जुळवताच इंजिन सुरळीत चालले.

पुढची पायरी तपशिलांची. बॉयलरलगतच्या हातधरणीसाठी पितळी तार बसवली. टेंडरमध्ये काळा रंग न देता खऱ्या दगडी कोळशाचा चुरा पातळ केलेल्या डिंकाने चिकटवला. ड्रायव्हर व फायरमन यांच्या आकृत्या ठेवल्या. माणसांवाचून इंजिन चालत नाही.

मग मळवणे. येथे कल्पनेला वाव कमी व निरीक्षणाला अधिक, कारण प्रत्येक डागाला कारण असते. धुराड्याभोवती काजळी बसते, पण ती शुद्ध काळी नसून करडी दिसते. धूरपेटीच्या तळाशी उष्णतेने रंग जळतो व गंज चढतो. कठीण पाण्यातील क्षार वाफ गळते तेथे पांढऱ्या ओघळांच्या रूपाने उरतात. चाकांवर ब्रेकच्या लोखंडाची तांबूस धूळ, तर जोडदांड्यांवर तेलाची चकाकी असते. जुनी छायाचित्रे समोर ठेवून विद्यार्थ्यांनी पृष्ठभागाला निस्तेज वॉर्निश दिले, पातळ केलेला काळपट तपकिरी रंग लावला आणि पावसाचे पाणी जसे ओघळते तसे वरून खाली पुसले. सुकल्यावर रंगीत खडूची पूड कोरड्या कुंचल्याने चोळली. शेवटचे वॉर्निश फवारताना मात्र आम्ही चाकांच्या कडा झाकण्यास विसरलो. प्रवाह थांबला, इंजिन पुन्हा बंद पडले आणि चाके नव्याने खरवडावी लागली.

आता आजोबांचा प्रश्न. काचेच्या कपाटातील चकचकीत इंजिन जणू कोणाच्याही श्रमाविना जन्मले असे भासते. मळलेले इंजिन पाहिले की ते कोणी पुसले, कोळसा कोणी लोटला, राख कोणी काढली, असे प्रश्न मुले विचारू लागतात. १२ व १३ फेब्रुवारी १९३८ रोजी मनमाड येथे जी.आय.पी. रेल्वेतील अस्पृश्य कामगारांची परिषद डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या अध्यक्षतेखाली भरली. अस्पृश्य कामगार बहुधा गँगमन म्हणूनच राहतो. पोर्टरला स्टेशनमास्तरच्या घरचेही काम करावे लागत असल्यामुळे विटाळाच्या भावनेने ती जागाही त्याला मिळत नाही. कारखान्यांत तो क्वचितच मेकॅनिक होतो, हे बाबासाहेबांनी तेथे मांडले. ब्राह्मणशाही व भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू होत, हे त्यांचे प्रतिपादन याच परिषदेतील. म्हणजे यंत्राजवळ कोणी जावे आणि त्याचा मळ कोणी काढावा, हेही जातीने ठरत होते. ज्या समाजाला हत्यार हाती धरण्यापासून दूर ठेवले, त्याच समाजातील मुलेमुली आज इंजिनाचा कोन जुळवतात, ही गोष्ट आम्हांस प्रतिकृतीहून मोठी वाटते.

हे सारे आजोबांनी शांतपणे ऐकून घेतले. नंतर इंजिन डोळ्यांजवळ नेऊन ते म्हणाले, "एक चुकले आहे. हातधरणीवर आणि पायरीच्या कडेवर काजळी कधी टिकत नाही. तेथे माणसांचे हात-पाय लागतात." दुसऱ्या दिवशी त्यांच्या नातीने त्या जागांवरील रंग पुसला आणि मऊ पेन्सिलीचे शिसे बोटाने चोळून तेथे धातूची झळाळी आणली. प्रतिकृतीवर आता तेवढाच भाग चमकतो. दालनात आलेल्या पाहुण्यांना आम्ही प्रथम तोच दाखवतो.