सात दाखवणारे यंत्र

पीएच मीटर मेला की बहुधा सात दाखवतो. टोकाचा काचेचा फुगा तडकला किंवा वायरीच्या जोडात ओल शिरली की पडद्यावर 7 च्या आसपासचा आकडा येऊन बसतो. मग मीटर लिंबाच्या रसात बुडवा की चुन्याच्या निवळीत, आकडा जागचा हलत नाही. सात म्हणजे आम्लही नाही, अल्कलीही नाही, म्हणजे पाणी ठीक. जिथे नदीच्या पाण्यावरून गाव आणि कारखाने यांच्यात वाद होतात, त्या महाडसारख्या भागात बिघडलेल्या यंत्राचा हा गोड स्वभाव आधी ओळखून ठेवायला हवा.

कारण यंत्राच्या पोटातच आहे. इलेक्ट्रोडच्या टोकाला पातळ काचेचा फुगा असतो आणि त्याच्या आत साधारण 7 पीएचचे द्रावण. बाहेरचे पाणीही 7 असेल तर काचेच्या दोन्ही बाजू सारख्या होतात आणि व्होल्टेज शून्य येते. पीएच एकाने सरकला की 25 अंश सेल्सियसला 59.16 मिलिव्होल्टचा फरक पडतो. मीटर मोजतो तो हा फरक, आणि आपल्याला दाखवतो पीएच. शून्य व्होल्टेज आले की तो 7 लिहून मोकळा होतो. ते शून्य शुद्ध पाण्यामुळे आले की फुटक्या काचेमुळे, हे त्याला कळायचा मार्ग नाही. त्यातच काचेचा विद्युतरोध शेकडो मेगाओहम असतो, त्यामुळे जोडावरची किंचित ओलही ते क्षीण व्होल्टेज गिळून टाकते. महाड-पोलादपुरात वर्षाला तीन हजार मिलिमीटरांहून जास्त पाऊस पडतो. इथे जून ते सप्टेंबर मीटर उघड्या टेबलावर ठेवणे म्हणजे त्याला सातची सवय लावणे.

म्हणून एकाच बफरवर, म्हणजे पीएच आधीच ठाऊक असलेल्या द्रावणावर, केलेले कॅलिब्रेशन मी कॅलिब्रेशन धरत नाही. सात पीएचच्या बफरमध्ये बुडवले, पडद्यावर सात आले, की लोक समाधानाने मीटर खिशात घालतात. पण ही परीक्षा मेलेला इलेक्ट्रोडही पास होतो. त्याची खरी कसोटी दुसऱ्या बफरला लागते. आपल्याकडे 4, 7 आणि 9.2 च्या बफर कॅप्सूल मिळतात. एक कॅप्सूल सहसा 100 मिलिलिटर डिस्टिल्ड पाण्यात विरघळवायची असते. आधी 7, मग नमुना आम्लाकडचा वाटत असेल तर 4, अल्कलीकडचा असेल तर 9.2. चांगला मीटर त्यानंतर स्लोप, म्हणजे दोन बफरांमधला फरक अपेक्षित मिलिव्होल्टच्या किती भरला ते, टक्क्यांत सांगतो. पंचाण्णवच्या वर असेल तर निर्धास्त राहा, नव्वदच्या खाली गेला तर आधी साफसफाई, नाहीतर नवा इलेक्ट्रोड.

सावित्री महाबळेश्वरच्या माथ्यावर उगम पावते, पोलादपूर आणि महाडवरून वाहत बाणकोटला समुद्राला मिळते. एवढ्याशा प्रवासात ती मीटरपुढे तीन वेगवेगळी पाणी ठेवते.

वरचे, पोलादपूरकडचे पाणी दिसायला सगळ्यात स्वच्छ आणि मोजायला सगळ्यात अवघड. काळ्या कातळावरून आणि जांभ्यावरून घाईने उतरणाऱ्या पऱ्ह्यांच्या पाण्यात क्षार फार थोडे असतात. विरघळलेले क्षार कमी म्हणजे वीज वाहायला वाहन कमी. आकडा सरकत राहतो, थांबतच नाही. शिवाय हवेतला कार्बन डायऑक्साइड असे पाणी लगेच ओढून घेते. त्याच वायूमुळे निव्वळ पावसाचे पाणीही 5.6 च्या आसपास असते, त्यात कुणाचे प्रदूषण नसते. अशा पाण्यात नमुन्यानेच इलेक्ट्रोड दोनतीनदा विसळावा, तोंडापर्यंत भरलेल्या बाटलीत बुडवावा, ढवळणे थांबवावे आणि आकडा स्थिरावेपर्यंत धीर धरावा. काही सेकंदांत नोंद करून पुढच्या पऱ्ह्याकडे पळणाऱ्याने पोलादपूरचे आकडे कुणाला दाखवू नयेत.

मधले पाणी महाड एमआयडीसीचे. इथे रसायनांचे, रंगांचे, औषधांचे कारखाने आहेत आणि सामायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्र, म्हणजे सगळ्यांच्या तोंडचे सीईटीपी. पर्यावरण संरक्षण नियमांत बाहेर सोडायच्या सांडपाण्यासाठी पीएचची सर्वसाधारण मर्यादा 5.5 ते 9 अशी आहे. सीईटीपीतून बाहेर पडणाऱ्या पाण्यासाठी 2016 पासून ती 6 ते 9 आहे. इथे लिटमसचा कागद चालत नाही, कारण पाण्यालाच रंग असतो. गंमत म्हणजे हा मीटर जन्माला आला तोही अशाच अडचणीतून. 1934 साली कॅलिफोर्नियात लिंबूवर्गीय फळांच्या सहकारी संघातल्या एका रसायनतज्ज्ञाला लिंबाच्या रसाची आम्लता मोजायची होती. रसात टिकवण्यासाठी सल्फर डायऑक्साइड घातलेला, त्याने लिटमसचा रंगच उडायचा. त्याचा जुना मित्र आर्नल्ड बेकमन याने त्याच्यासाठी काचेचा इलेक्ट्रोड आणि व्हॅक्यूम ट्यूब जोडून यंत्र बनवले. पीएचची मोजपट्टी त्याच्या पंचवीस वर्षे आधी, 1909 साली, डेन्मार्कमधल्या कार्ल्सबर्ग ब्रुअरीच्या प्रयोगशाळेत सोरेन्सन यांनी मांडली होती. एकाची बिअर, दुसऱ्याचे लिंबू, आणि आज ते यंत्र आपल्या सांडपाण्याच्या टाकीत.

तिसरे पाणी दासगावच्या खालच्या खाडीचे. खारे पाणी मीटरला मानवते, आकडा पटकन थांबतो. पण समुद्राचे पाणी 8.1 च्या आसपास असते आणि भरतीबरोबर ते वर चढते. एकाच काठावरचा सकाळचा नमुना आणि दुपारचा नमुना वेगळा आला तर दोष कारखान्याला द्यायच्या आधी भरती-ओहोटीची वेळ बघावी.

आता खरेदी. काही शे रुपयांत मिळणारे पेनसारखे मीटर मत्स्यटाकीला ठीक. नदीसाठी आणि सांडपाण्यासाठी घ्यायचा तर पहिला प्रश्न दुकानदाराला हा विचारावा: इलेक्ट्रोड सुटा मिळतो का? कारण नीट वापरला तरी इलेक्ट्रोड वर्ष-दोन वर्षांत थकतो. तो बदलता येत नसेल तर सगळा मीटरच फेकावा लागतो. दोन दशांशांचा हव्यास इथे नको. अचूकता 0.1 असली तरी नदीकाठी भागते. तेवढेही कमी समजू नये: ही मोजपट्टी दहापटीने चढते, त्यामुळे 0.3 चा फरक म्हणजे आम्लता दुप्पट. इलेक्ट्रोडमधले द्रावण नमुन्याला जिथे भेटते ते जंक्शन. सांडपाण्यात सल्फाइड असेल तर डबल जंक्शनचा इलेक्ट्रोड घ्यावा, नाहीतर आतल्या चांदीशी सल्फाइडची गाठ पडते आणि जंक्शन काळे पडून बुजते. तापमानाची दुरुस्ती आपोआप करणारा हवा. महाडजवळच्या सवच्या गरम झऱ्यांसारखे पाणी मोजताना 59.16 हा आकडा लागू पडत नाही. 45 अंशांना तो 63 च्या वर जातो. ही दुरुस्ती इलेक्ट्रोडची असते. नमुन्याचा स्वतःचा पीएच तापमानाने बदलतो, त्याची दुरुस्ती होत नाही.

निगा राखायची ती टोपणातल्या चार थेंबांची. फुगा ओला राहिला पाहिजे, आणि तोही पोटॅशियम क्लोराइडच्या 3 मोलर द्रावणात. डिस्टिल्ड पाण्यात ठेवला की आतले क्षार बाहेर झिरपतात. ही चूक शिकलेली माणसेही स्वच्छतेच्या नावाखाली करतात. धुवायला मात्र डिस्टिल्ड पाणीच, बॅटरीच्या दुकानातले चालते. पुसताना घासू नये, कागदाने टिपावे. तेलकट थर साबणाच्या पाण्याने, चुन्याचा थर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात काही मिनिटे बुडवून काढावा. बाटलीवर बफर उघडल्याची तारीख लिहावी, 9.2 चा बफर हवेतला कार्बन डायऑक्साइड पिऊन खाली घसरतो. वापरलेला बफर बाटलीत परत ओतणाऱ्याच्या हाती मीटर देऊच नये.

शेतकऱ्यांना मातीचा सामू, म्हणजे पीएचच, मोजायचा असतो. त्यासाठी मीटर चिखलात खुपसू नये. वाळवून चाळलेली 20 ग्रॅम माती, 50 मिलिलिटर डिस्टिल्ड पाणी, ढवळून अर्धा तास, मग मोजावे. नमुना राब भाजलेल्या तुकड्यावरचा नको. राखेने तिथला सामू चढलेला असतो आणि बाकीच्या वरकस जमिनीची आम्लता झाकली जाते.

मीटर धडधाकट असूनही सात फसवू शकतो. आम्लाच्या सांडपाण्यात कॉस्टिक ओतले की पीएच सातवर येतो, पण विरघळलेले सेंद्रिय पदार्थ पाण्यात तसेच राहतात आणि क्षार उलट वाढतात. ते शोधायला सीओडी आणि टीडीएसच्या तपासण्या लागतात, त्यातली पहिली प्रयोगशाळेतच होते. पीएच मात्र काठावरच आणि लगेच मोजावा लागतो, बाटली पुण्या-मुंबईच्या प्रयोगशाळेत पोचेपर्यंत तो बदललेला असतो. हातातल्या मीटरची गरज आहे ती इथे.

नोंदवहीत पीएचच्या शेजारी मिलिव्होल्टचा रकाना ठेवावा. बहुतेक बऱ्या मीटरांत ते दिसतात. सातच्या बफरला शून्याच्या जवळ, चारला अधिक 177 च्या जवळ, 9.2 ला उणे 130 च्या जवळ. हे तीन आकडे त्या दिवशीच्या पानावर असतील, तर खालच्या ओळीत सावित्रीचे सात लिहायला हरकत नाही.