क्लबच्या दारात कपड्यांची परीक्षा

कॉलरचा टी-शर्ट हवा, जीन्स नको, चपला तर मुळीच नकोत! गोल्फ क्लबांचे हे नियम आजच्या काळात खरोखर गरजेचे आहेत, की केवळ सवयीने चालत आले आहेत?

१९८८ मध्ये मुंबईच्या विलिंग्डन क्लबमधून एका पाहुण्याला परत पाठवण्यात आले. कारण एकच, त्यांच्या पायांत जोडे नव्हते. हे पाहुणे होते प्रसिद्ध चित्रकार मकबूल फिदा हुसेन. हुसेन अनवाणी वावरतात, हे तोवर साऱ्या देशाला ठाऊक झाले होते. १९६४ मध्ये कवी गजानन माधव मुक्तिबोध यांचे निधन झाले, तेव्हापासून त्यांनी पादत्राणे सोडली, असे सांगितले जाते. मराठी घरात जन्मलेल्या आणि हिंदीत लिहिणाऱ्या एका कवीसाठी पाळलेले हे व्रत क्लबच्या नियमात मात्र बसले नाही.

गंमत अशी, की विलिंग्डन क्लबचा जन्मच मुळी बंद दारे उघडण्यासाठी झाला होता. पहिल्या महायुद्धाच्या अखेरच्या काळात मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डन यांच्या पुढाकाराने हा क्लब उभा राहिला. त्या वेळच्या गोऱ्यांच्या क्लबांत हिंदी माणसाला प्रवेश नव्हता. येथे मात्र दोघांनीही एकत्र यावे, खेळावे, असा हेतू होता. त्याच क्लबला पुढे एका भारतीय कलावंताचे अनवाणी पाय खटकले!

मग प्रश्न पडतो, क्लबांचे हे पोशाखाचे नियम नेमके कशासाठी असतात?

लाल कोटाची गोष्ट

सगळेच नियम निरर्थक आहेत, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. लंडनजवळच्या विम्बल्डन कॉमन या सार्वजनिक माळावर गोल्फ खेळणाऱ्याला आजही अंगात लाल रंगाचा सदरा किंवा स्वेटर घालावा लागतो. त्या माळावर लोक फिरायला येतात, मुले खेळतात, कुत्री धावतात. गोल्फचा चेंडू लहान असला तरी दगडासारखा कठीण. तो कोणत्या दिशेने येऊ शकतो, हे दुरून कळावे म्हणून हा लाल रंग. या नियमात प्रतिष्ठेचा प्रश्न नाही, आहे ती दुसऱ्याच्या डोक्याची काळजी.

बुटांचेही तसेच. ज्या भागात चेंडू खळग्यात घालायचा असतो, त्याला ‘ग्रीन’ म्हणतात. तेथील गवत गालिच्यासारखे बारीक कापलेले असते. टाचेच्या चपलेने त्यावर खड्डा पडला, तर मागून येणाऱ्या खेळाडूचा चेंडू वाकडा जातो. पूर्वी गोल्फच्या बुटांना धातूचे खिळे असत. त्यांनी गवताची नासाडी होते, हे लक्षात आल्यावर १९९० च्या दशकात अनेक क्लबांनी ते बंद करून मऊ खिळ्यांचे बूट आणायला सांगितले. हाही कपड्यालत्त्याचाच नियम; पण त्यामागचे कारण मुलालाही समजावून सांगता येते.

कॉलरच्या टी-शर्टचे काय? कॉलर उभी केली तर मानेला ऊन लागत नाही, एवढा फायदा आहे खरा. पण मग गोल गळ्याचा टी-शर्ट आणि डोक्यावर रुंद काठाची टोपी घातली तर काय बिघडले? या प्रश्नाला सहसा ‘आपल्याकडे तशी पद्धत नाही’ एवढेच उत्तर मिळते.

कालचे बंड, आजची शिस्त

पद्धती काही आकाशातून पडत नाहीत. आज सभ्य मानला जाणारा आखूड बाह्यांचा कॉलरवाला टी-शर्ट १९२० च्या दशकात फ्रान्सचा टेनिसपटू रेने लाकोस्त याने लोकप्रिय केला. तोवर टेनिसपटू लांब बाह्यांचे, कडक इस्त्रीचे सदरे घालून घामाघूम होत. लाकोस्तचा सुटसुटीत पोशाख तेव्हा परंपरेला सोडून होता. आज त्याच पोशाखाशिवाय गोल्फच्या मैदानात पाऊल टाकता येत नाही!

जीन्सची कहाणी याच्या उलट. १८७३ मध्ये अमेरिकेत लेव्ही स्ट्रॉस आणि जेकब डेव्हिस यांनी खिशांना तांब्याचे रिव्हेट ठोकलेल्या विजारींचे पेटंट घेतले, ते मजुरांचे कपडे लवकर फाटू नयेत म्हणून. कष्टकऱ्यांचा हा पोशाख पुढे जगभरच्या तरुणांनी उचलला. आता एखादी जीन्स चांगल्या सुती पँटच्या कित्येक पट महाग असते. तरीही क्लबच्या नियमावलीत ती अजून मजुराचीच विजार आहे.

विशेष म्हणजे गोल्फ खेळाच्या अधिकृत नियमांत कपड्यांविषयी काहीच बंधन नाही. चेंडू कसा ठेवावा, हरवला तर काय करावे, याचे बारीकसारीक नियम आहेत. कपडे काय घालावेत, हे मात्र क्लब आणि स्पर्धेचे आयोजक ठरवतात. म्हणूनच ते बदलताही येतात आणि बदलतही आहेत. उन्हाळ्यात लांब पँट घालून खेळण्याचा त्रास ओळखून युरोपियन टूरने २०१६ मध्ये आणि अमेरिकेच्या पीजीए टूरने २०१९ मध्ये सरावाच्या वेळी अर्ध्या चड्डीला परवानगी दिली. प्रत्यक्ष स्पर्धेसाठी मात्र लांब पँट कायम ठेवली. अमेरिकेत खेळाडूंची जड पिशवी वाहणाऱ्या कॅडींना ही सवलत १९९९ मध्येच मिळाली होती. तीही एक कॅडी भर उन्हात कोसळल्यानंतर.

स्त्रियांच्या वाट्याला तर दुहेरी कात्री येते. २०१७ मध्ये अमेरिकेच्या महिला व्यावसायिक गोल्फ संघटनेने, एलपीजीएने, गळा किती खोल असावा, स्कर्ट किती आखूड असावा, याचे नियम कडक केले आणि ते मोडल्यास १,००० डॉलर दंड ठेवला. खेळाडूंच्या फटक्यांऐवजी त्यांच्या स्कर्टचीच चर्चा कितीतरी दिवस रंगली.

नियम कपड्यांचा, निवाडा माणसाचा

खरी अडचण येते ती येथेच. कपड्यांचा नियम सांगता सांगता माणसाची किंमत कधी ठरवली जाते, ते कळतही नाही.

जून २०१७ मध्ये दिल्ली गोल्फ क्लबमध्ये मेघालयातील एक महिला जेवणासाठी आली होती. ती एका घरी मुलाचा सांभाळ करण्याचे काम करत असे आणि मालकिणीबरोबर रीतसर पाहुणी म्हणून आली होती. तिच्या अंगावर खासी स्त्रियांचा पारंपरिक ‘जैनसेम’ होता. ती मोलकरणीसारखी दिसते, असे म्हणत तिला जेवणाच्या टेबलावरून उठून जाण्यास सांगण्यात आले. देशभर संताप उसळला. हा प्रसंग अधिक चांगल्या रीतीने हाताळता आला असता, असे क्लबला नंतर म्हणावे लागले. परंतु चारचौघांत गेलेला मान खुलाशाने परत मिळतो का? आणि एखादी स्त्री खरोखर मोलकरीण असली, तरी तिने पाहुणी म्हणून दोन घास खाल्ले तर क्लबचे काय जाते?

याच दिल्ली गोल्फ क्लबच्या मैदानावर २००८ मध्ये एस. एस. पी. चौरसियाने इंडियन मास्टर्स स्पर्धा जिंकली होती. त्याचे वडील कोलकात्याच्या रॉयल कलकत्ता गोल्फ क्लबमध्ये मैदानाची निगा राखण्याचे काम करत. १८२९ मध्ये स्थापन झालेला हा क्लब ब्रिटिश बेटांबाहेरील सर्वांत जुना. तेथेच उसन्या काठ्यांनी चौरसिया खेळ शिकला. १९९१ मध्ये इंडियन ओपन जिंकणारा अली शेरही कॅडींच्या जगातून पुढे आला. भारतीय गोल्फचे नाव ज्यांनी मोठे केले, त्यांतील कितीतरी जण क्लबच्या पुढच्या नव्हे, तर मागच्या दाराने मैदानात आले आहेत.

धोतराने घडवलेला कायदा

तामिळनाडूत तर पोशाखाचा वाद थेट विधानसभेत पोहोचला. जुलै २०१४ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती डी. हरिपरंथामन एका पुस्तकाच्या प्रकाशनासाठी चेन्नईतील क्रिकेट संघटनेच्या क्लबमध्ये गेले होते. वेष्टी, म्हणजे तिकडचे धोतर, नेसल्यामुळे त्यांना आत सोडण्यात आले नाही. आपल्याच मुलखात, आपल्याच पोशाखासाठी एका न्यायाधीशाला दारातून परतावे लागले! त्याच वर्षी जयललिता सरकारने कायदा करून वेष्टी किंवा अन्य भारतीय पारंपरिक पोशाखाच्या कारणावरून क्लब, सभागृहे आदी ठिकाणी प्रवेश नाकारणे हा गुन्हा ठरवला. त्यासाठी तुरुंगवास आणि दंडाचीही तरतूद केली.

इतरत्रही वारे बदलते आहे. शिस्तीसाठी ओळखल्या जाणाऱ्या भारतीय नौदलाने २०२४ मध्ये आपल्या मेसमध्ये कुडता-पायजम्याला परवानगी दिली. २०२५ मध्ये इटलीतील प्राडा कंपनीने मिलानच्या फॅशन शोमध्ये कोल्हापुरीसारख्या चपला मिरवल्या, आणि त्यांचे मूळ कोल्हापूरचे आहे हे सांगितले नाही म्हणून टीकाही ओढवून घेतली. जी चप्पल मिलानच्या रॅम्पवर चालते, तिला आपल्याच एखाद्या क्लबच्या जेवणघरात ‘उघडी चप्पल’ म्हणून अडवावे, याला काय म्हणावे?

मग नियमच नकोत का?

क्लबच्या जुन्या सभासदांचीही एक बाजू आहे. ते म्हणतात, देवळात जाताना आपण चपला काढतो, लग्नाला जाताना बरे कपडे घालतो, मग क्लबची रीत पाळली तर काय बिघडले? शाळेच्या गणवेशाने गरीब-श्रीमंत एका ओळीत बसतात, तसेच येथेही होते. शिवाय एकदा सूट दिली, की लोक बनियनवर येतील, अशीही त्यांना धास्ती वाटते.

या म्हणण्यात तथ्य आहे. स्वच्छ, नीटनेटके कपडे घालून चारचौघांत जावे, हे कोणीही मान्य करील. पण गणवेशाची तुलना येथे पुरती लागू पडत नाही. शाळेचा गणवेश मुलांना एकत्र आणण्यासाठी असतो. क्लबचा नियम जेव्हा आतल्यांना बाहेरच्यांपासून वेगळे काढण्यासाठी वापरला जातो, तेव्हा तो शिस्तीचा राहत नाही.

म्हणून प्रत्येक नियमाला एक साधी कसोटी लावून पाहावी. या नियमाने कुणाची इजा टळते का? मैदान सांभाळले जाते का? शेजारच्या माणसाचा त्रास वाचतो का? उत्तर ‘हो’ असेल, तर नियम जरूर राहावा. मऊ खिळ्यांचे बूट राहोत, लाल सदरा राहो. पण ज्या नियमाने केवळ माणसाची जात, प्रांत किंवा खिसा ओळखला जातो, त्याला निरोप दिलेलाच बरा.

जोपर्यंत नियम आहेत, तोपर्यंत थोडी काळजी आपणही घ्यावी. क्लबमध्ये जेवणाचे आमंत्रण आले, तर पोशाखाविषयी यजमानांना आधीच विचारण्यात कमीपणा नाही. मुलांच्या बुटांचे, आजोबांच्या धोतराचे, सारे मोकळेपणाने विचारून घ्यावे. आणि यजमानांनीही ते न विचारता सांगावे. कारण पाहुण्याला बोलावणाऱ्यावरच त्याचा मान राखण्याची जबाबदारी असते. दारात वाद झालाच, तर पाहुण्याला एकटे बाहेर उभे करून आपण आत जेवायला बसू नये. त्याच्याबरोबर बाहेर पडावे आणि दुसऱ्या दिवशी क्लबच्या समितीला पत्र लिहावे. नियम सभासदांनी केलेले असतात. ते बदलण्याचे कामही सभासदांनाच करावे लागेल.