कागद कमी करू, पण आधी ऑफिसातला



१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. बोटी बांधलेल्या, जाळी दुरुस्तीला. ऑफिसच्या कपाटांना हात घालायचा तर हेच ६१ दिवस, कारण एकदा सीझन सुरू झाला की डिझेल आणि बर्फाच्या गडबडीत कोणाला मान वर करायला मिळत नाही.

आपल्या खाऱ्या हवेत आणि गोव्याच्या पावसात कागदाचे काय होते ते सांगायला नको. पाने एकमेकांना चिकटतात, टाचण्या गंजतात, खालच्या कप्प्यात वाळवी. त्यात एकाच बोटीच्या रजिस्ट्रेशनची झेरॉक्स डिझेलच्या फायलीत एक, विम्याच्या फायलीत एक, लायसन्सच्या फायलीत एक, आणि दरवर्षी नवी. एकदा नीट स्कॅन करून बोटीच्या नंबराने ठेवली की हा ढीग संपतो. बोटीचे रजिस्ट्रेशन आणि लायसन्स आता रिअलक्राफ्ट पोर्टलवर होते. सप्टेंबर २०२४ पासून राष्ट्रीय मत्स्यव्यवसाय डिजिटल मंचावर मच्छीमारांची आणि सोसायट्यांची नोंदणीही सुरू आहे. आपण मात्र ऑनलाइन अर्ज भरतो, त्याची प्रिंट काढतो आणि पुन्हा फायलीला लावतो!

पण माझ्या मते सगळ्यात आधी संगणकावर यायला हवी ती खलाशांची यादी. आपल्या बोटींवर ओडिशा, झारखंड, कर्नाटकातली माणसे असतात. तांडेलाच्या वहीत नाव काय, तर ‘राजू, ओडिशा’. अशा दोन राजूंपैकी एक समुद्रात गेला तर? मत्स्य संपदा योजनेच्या गट अपघात विम्यात मृत्यू किंवा कायमचे पूर्ण अपंगत्व आल्यास ५ लाख रुपयांचे संरक्षण आहे. पण मुळात त्या माणसाचे नाव विम्याच्या यादीत हवे. आधारवर एक नाव, बँकेत दुसरे आणि आपल्याकडे तिसरे असले की गावाकडच्या बायकोने कोणाच्या दारात उभे राहायचे? म्हणून आधारवर जसे आहे तसेच पूर्ण नाव, वारसाचे नाव आणि घरचा फोन. खलाशी बदलला की त्याच दिवशी यादी बदलायची. हे काम मालकाचे. ऑफिस फक्त नोंद करील.

आता उलटी बाजू. डिझेलच्या पावतीच्या जागी मोबाईलवर मेसेज द्या, असे काही तरुण मालक म्हणतात. त्यांना चालेल. पण ज्यांच्याकडे साधा फोन आहे, किंवा ज्यांचा फोन मुलाकडे असतो, त्यांनी हिशोब कशावर ताडून पाहायचा? सवलतीच्या डिझेलचा हिशोब पुढे कधी अडला तर सभासदाच्या हातात पुरावा हवा. म्हणून मागेल त्याला कार्बनची पावती मिळत राहील. थर्मल मशीनची पावती स्वस्त पडते खरी, पण उन्हात, खिशात काही महिन्यांत पांढरी होते. कार्बनची वर्षानुवर्षे वाचता येते.

वीज हाही प्रश्न आहेच. मे २०२१ च्या तौक्ते वादळानंतर कितीतरी ठिकाणी दिवसेंदिवस वीज नव्हती. तेव्हा पावतीपुस्तक ड्रॉवरमध्ये राहणारच. स्कॅनच्या दोन प्रती ठेवायच्या, त्यातली एक ऑफिसच्या बाहेर. संगणकही याच खाऱ्या हवेत असतो.

कायद्याचे विचाराल तर माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० प्रमाणे इलेक्ट्रॉनिक नोंदीला मान्यता आहे. मात्र मोबाईलवर काढलेला फोटो म्हणजे मूळ कागद नव्हे. स्टॅम्पपेपरवरचे करार, कर्जाची कागदपत्रे, सह्यांचे इतिवृत्त यांचे मूळ कागद कपाटातच राहतील. स्कॅन झाले म्हणून घरचे मूळ कागदही कोणी फेकू नयेत.

आणखी एक. खलाशांच्या आधारचे फोटो व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकू नका. ग्रुपमध्ये कोण कोण आहे ते आपल्यालाही धड ठाऊक नसते. कागद घेऊन ऑफिसात या, समोर स्कॅन करून लगेच परत देऊ. येताना रजिस्ट्रेशन, लायसन्स, विमा आणि पासबुक एकाच पिशवीत आणा. खलाशी गावी गेले असतील तर ते परतल्यावर, पहिल्या फेरीआधी त्यांना घेऊन या. नाव लिहिताना माणूस समोर असलेला बरा.

– सचिव