जीपीएसची वायर कापायची? कापा की, पण जोड नीट द्या

हा भाग ऐकायचा राहिला असेल किंवा ऐकता ऐकता आकडे निसटले असतील, तर ही त्याची लिहिलेली आवृत्ती. बोललो तसंच बरंचसं ठेवलंय.

प्रश्न असा होता: गाडीत अँड्रॉइड स्टिरिओ बसवलाय. त्याच्यासोबत आलेल्या जीपीएस अँटेनाची वायर आहे ३ मीटर आणि लागते जेमतेम १ मीटर. उरलेली डॅशबोर्डमागे खडखडते. कापली तर लोकेशन २ मीटर चुकेल का?

नाही चुकणार. आणि का नाही, हे कळलं की पुढचं सगळं सोपं आहे.

उपग्रह आहेत सुमारे २०,२०० किलोमीटर वर. प्रत्येकाचा सिग्नल किती उशिरा पोचला, यावरून रिसीव्हर अंतर काढतो. आता काचेखाली ठेवलेल्या त्या काळ्या डबीपासून स्टिरिओपर्यंतच्या वायरीतून सगळ्याच उपग्रहांचे सिग्नल जातात. म्हणजे वायरीमुळे होणारा उशीर सगळ्यांना सारखाच. रिसीव्हरला तसंही चार गोष्टी शोधायच्या असतात: जागेचे तीन आकडे आणि स्वतःच्या घड्याळातली चूक. म्हणूनच किमान चार उपग्रह लागतात. वायरीतला सारखा उशीर त्या घड्याळाच्या चुकीत जाऊन बसतो, जागेला हातही लावत नाही. जे लोकेशन दिसतं ते डबीचं असतं, स्टिरिओचं नाही. डबी डिकीवर ठेवली तर नकाशावर तुमची डिकी दिसते, एवढंच.

वेळ मात्र बदलते. साध्या वायरीत सिग्नल प्रकाशाच्या दोन-तृतीयांश वेगाने धावतो, म्हणजे मीटरला ५ नॅनोसेकंद. २ मीटर कापली तर १० नॅनोसेकंद. गाडीला याचं काही देणंघेणं नाही. पण जिथे जीपीएसवरून वेळ मोजतात, तिथे केबलची लांबी मोजून हिशोबात धरावी लागते.

इथे एक किस्सा सांगितल्याशिवाय राहवत नाही. सप्टेंबर २०११ मध्ये ऑपेरा प्रयोगातल्या शास्त्रज्ञांनी जाहीर केलं, की जिनिव्हाजवळच्या सर्नमधून निघालेले न्यूट्रिनो सुमारे ७३० किलोमीटरवर इटलीतल्या ग्रान सासोला प्रकाशाच्याही ६० नॅनोसेकंद आधी पोचले. आइन्स्टाइन चुकला की काय, म्हणून जगभर गदारोळ! २०१२ मध्ये कळलं, की जीपीएसकडून वेळ आणणाऱ्या एका फायबर केबलचा कनेक्टर नीट बसलेला नव्हता. ती अँटेनाची वायर नव्हती, काचतंतूची होती. पण घोळ केबलच्या लांबीत नव्हता, जोडात होता. आपल्या गाडीतही नेमकं हेच होतं.

माझा मावसभाऊ मुंबई-पुणे टॅक्सी चालवतो. स्टिरिओ बसवून देणाऱ्याने वायर मधूनच कापली, दोन्ही टोकं सोलली, पीळ दिला, वर काळी टेप. घरातल्या दिव्याची वायर जोडतात तशी. उन्हाळाभर चाललं. पावसाळ्यात नकाशा एक्सप्रेसवेवरून उडी मारून शेजारच्या जुन्या हायवेवर जायचा, मग परत यायचा. एकदा विमानतळाच्या भाड्यात वळण सुटलं, पुढून फिरून यावं लागलं, आणि पॅसेंजरने एक स्टार देऊन वर तक्रारही केली. ज्याचं पोट रेटिंगवर चालतं त्याला ही गंमत नसते. (फोन लाव की, असं म्हणणाऱ्यांनी मे महिन्यात काचेला लावलेला फोन तापून बंद पडताना बघावा.)

पिळलेल्या जोडाचं बिघडतं कुठे? जीपीएसची वायर ही दोन तारांची जोडी नाही. मधे बारीक तार, भोवती पांढरं प्लॅस्टिक, त्यावर तांब्याची जाळी, सगळ्यात वर काळं आवरण. मधल्या तारेत आणि जाळीत ठरावीक अंतर असतं, त्यावर तिचं ५० ओहम हे गणित टिकतं. तार आणि जाळी सुटी करून पिळली की ते गणित तिथे मोडतं आणि सिग्नलचा काही भाग मागे फिरतो. शिवाय जीपीएसची वारंवारता १५७५.४२ मेगाहर्ट्झ, म्हणजे हवेतली तरंगलांबी १९ सेंटीमीटर, या केबलीत साधारण साडेबारा. तीन-चार सेंटीमीटर उघडी तार म्हणजे लहरीचा जवळजवळ चौथा हिस्सा. ती स्वतःच अँटेना होऊन बसते आणि डॅशकॅम, यूएसबी चार्जर यांचा कचरा गोळा करते. जीपीएसचा सिग्नल जमिनीवर येईपर्यंत एका वॅटच्या दहा लाख अब्जाव्या भागाहूनही कमी उरतो. त्याच्यासमोर चार्जरची कुजबुज म्हणजे लाउडस्पीकर.

दुसरं म्हणजे, याच वायरीतून वर डबीकडे वीजही जाते, ३ ते ५ व्होल्ट. डबीत छोटा अँप्लिफायर असतो, त्याला ती लागते. जाळीचा केसाएवढा तुकडा मधल्या तारेला टेकला की शॉर्ट. जोडात ओल शिरली की तांबं काळं पडतं.

या अँप्लिफायरमुळे आणखी एक गैरसमज मोडतो. लोक म्हणतात, वायर छोटी केली की रेंज वाढेल. आरजी १७४ नावाची ही बारीक केबल मीटरला सव्वा डेसिबेलच्या आसपास खाते हे खरं. पण डबी आधीच सिग्नल २५-२८ डेसिबेलने वाढवून खाली पाठवते, त्यामुळे दोन-अडीच डेसिबेल वाचवून फरक दिसत नाही. अँप्लिफायर नसलेला अँटेना असेल तर गोष्ट वेगळी, तिथे प्रत्येक सेंटीमीटर महाग.

म्हणून माझं मत सरळ आहे. खडखड एवढाच त्रास असेल तर कापूच नका. आठ-दहा सेंटीमीटरचं सैल वेटोळं करा, स्पंजची पट्टी गुंडाळा, टायने बांधा. वेटोळ्याने सिग्नलला काही होत नाही. फक्त कडक मुडपू नका, आणि स्टिअरिंगच्या दांड्यापासून आणि एअरबॅगपासून लांब ठेवा.

कापायचीच असेल तर मधून नको, स्टिरिओच्या टोकाकडून कापा आणि नवा कनेक्टर लावा. स्टिरिओ आधी बंद. गरजेपेक्षा वीतभर जास्त ठेवा, कारण पहिला कनेक्टर बहुतेकांचा वाया जातो. कनेक्टर आरजी १७४ साठीचाच घ्या, आरजी ५८ चा दुप्पट जाड केबलीसाठी असतो. दुकानात एसएमए मागा आणि डोळ्यांनी बघा: फिरत्या नटाच्या आत मधे पिन हवी. वायफाय राउटरवाला उलटा एसएमए दिसायला सेम, आटेही बसतात, पण पिनच्या जागी भोक. घट्ट बसतो आणि काहीच चालत नाही.

सोलायच्या आधी बारीक नळी वायरीत ओवून घ्या, हे सगळेच विसरतात. मग काळं आवरण काढा, जाळी मागे दुमडा, पांढरं प्लॅस्टिक न कापता मधली तार मोकळी करा, पिनला सोल्डर लावा. सोल्डरिंग आयर्न दोन सेकंदांच्या वर टेकवलं तर प्लॅस्टिक वितळतं. पिन आत ढकला, जाळी कनेक्टरच्या मानेवर पसरा, नळी वर सरकवून क्रिंपिंग टूलने दाबा. पक्कड चालत नाही. वर हीट श्रिंक.

आता मल्टिमीटर बीपवर ठेवा: पिन आणि बाहेरचं धातू यांच्यात बीप वाजता कामा नये. वाजला तर पुन्हा कापा, वीत त्यासाठीच ठेवली होती. स्टिरिओच्या बाजूच्या सॉकेटवर, स्टिरिओ चालू असताना, ३ ते ५ व्होल्ट यायला हवेत.

मग जीपीएसटेस्ट ॲप उघडा आणि गाडी मोकळ्या आभाळाखाली उभी करा. पुलाखाली किंवा पार्किंगच्या तळघरात बघून घाबरू नका. चार-पाच उपग्रह तरी ३५ ते ४५ च्या घरात दिसले तर जोड चांगला. सगळेच २५ च्या खाली रेंगाळत असतील तर वायर हलवून बघा. आकडे उड्या मारू लागले, तर कनेक्टर पुन्हा करावा लागेल. मावसभावाच्या गाडीत पिळलेल्या जोडावर २० च्या वर काही चढत नव्हतं. तो तुकडा कापून नवीन कनेक्टर लावल्यावर सात उपग्रह ३८ च्या वर गेले, डबी तीच, जागाही तीच.